तुम्ही विचारलंत म्हणून: फिनलंडहून काय आणलंत?

दांडिया बाजारात भाजी घेताना, पालकसभेत, कोजागिरीला, सगळीकडे हेच. "बाई, वनशिक्षकांच्या त्या देवाणघेवाणीत तुम्ही तीन आठवडे तिकडे राहिलात, त्याचा आमच्या मुलांना काय उपयोग? तिकडची झाडं बडोद्यात थोडीच उगवणार!"

नाहीच उगवणार. तिथे पाइन, स्प्रूस, बर्च. इथे साग, मोह, टिमरू. झाडं आणायला मी गेलेच नव्हते.

ऑगस्ट होता. तिथल्या शिक्षिकेने मुलांना जंगलात नेऊन हातात डबे दिले आणि मुलं निळ्या बेऱ्या तोडून खात सुटली. मी घाबरून विचारलं, जंगल कोणाचं? एका शेतकरी कुटुंबाचं. परवानगी? लागत नाही. फिनलंडमधलं निम्म्याहून जास्त जंगल खासगी मालकीचं आहे, तरी त्यातली बेरी, अळंबी वेचायचा हक्क प्रत्येकाला आहे.

मला एकदम आपल्या गुजरातमधलं जांबुघोडा आठवलं.

तिथल्या अभयारण्यात मे महिन्यात आमचं शिबिर होतं. बडोद्याची चाळीस मुलं आणि जवळच्या गावातली पाच-सहा राठवा आदिवासी मुलं. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक जण दोन्ही खिसे भरून पिकलेली टिमरू घेऊन आला. टिमरू म्हणजे आपलं टेंभूर. "बेन, बधा माटे," म्हणाला. ताई, सगळ्यांसाठी. आमचा पहिला नियम होता, जंगलातून काही घ्यायचं नाही. मी त्याला सगळ्यांसमोर खिसे रिकामे करायला लावले. एकेक फळ तो झाडाखाली ठेवत होता, फुटू नये अशा बेताने. आमची मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं नाही. तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे फळं, मध, डिंक अशा लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या गोष्टींवर, हक्क दिलाय, अभयारण्यातसुद्धा. हे मला ठाऊक होतं. मी वर्गात शिकवतही होते.

पण नियम खोटा नव्हता हो! चाळीस मुलांनी फांद्या ओरबाडल्या तर अस्वलांना, पाखरांना काय उरेल? फिनलंडमध्ये माणसं थोडी, आणि तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली. तुलनाच नको, असं परतताना विमानात मी स्वतःला बजावत होते. मग तो मुलगा डोळ्यांपुढून हलेना का? तो काही ओरबाडायला आला नव्हता. वाटायला आला होता.

पहिला नियम मी खोडलाय. त्याजागी काय लिहायचं ते ठरत नाही. त्या वर्षीच्या हजेरीपटात त्याचं नाव आहे, गावही आहे. हालोलवरून जाता येतं. अजून गेले नाही.