आमची वाटचाल : मोरकीपासून आयाळीपर्यंत

आमचं मूळ दुकान घोड्याच्या सामानाचं : मोरक्या (तोंडावर चढवायचे पट्टे), लगाम, झुली आणि खरारे. वडील दर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तापीकाठी पाल ठोकायचे. तिथंच गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, आयाळ झडलीय, एखादं तेल आहे का?" तेल होतं, खपायचंही. पण पुढच्या यात्रेला तोच माणूस तसाच विरळ मानेचा घोडा घेऊन यायचा आणि चारचौघांत आमच्या तेलाला नावं ठेवायचा. दुकान माझ्याकडे आल्यावर मी ठरवलं, आधी मान बघायची, मग बाटली.

कानामागेच केस तुटून खुंट उभे राहिले असतील, तर बहुधा दोष मोरकीचा. नायलॉनची कडक पट्टी तिथंच घासते. आम्ही आतून लोकरीचं अस्तर लावून मोरकी शिवायला लागलो; आज दुकान तिच्यावरच चालतं. घोडा खांबाला मान घासत असेल, मुळाशी कातडी जाड होऊन तिला वळ्या पडल्या असतील, तर चिलटं. ती पहाटे नि तिन्हीसांजेला चावतात, वाऱ्यात मात्र टिकत नाहीत. म्हणून त्या वेळी जनावर आत बांधा, पंखा लावा. यात आमची कमाई शून्य, पण तोच माणूस पुढं खोगीर न्यायला येतो. गोल चट्टे दिसले तर सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे. ते गजकर्ण असू शकतं, आणि ते मोतद्दारालाही, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्यालाही लागतं.

एका वरातवाल्याची नुकरा, म्हणजे पांढरी घोडी मात्र कशातच बसेना. खाज नाही, चट्टे नाहीत, कातडी साफ. पण बोटं फिरवली की आयाळीचे लांब केस हातात येत, शेपटीचेही तेच. चारा काय, विचारलं तर म्हणाला, "बांधावरचा सुबाभूळ, फुकटचा." त्यातल्या मायमोसिन नावाच्या विषारी द्रव्यामुळं घोड्याची आयाळ नि शेपूट झडते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू ते बरंचसं मोडतात; घोड्याला ती सोय नाही. सुबाभूळ बंद केला, केस परत फुटले.

फुटले म्हणजे लगेच लांब झाले असं नाही. आयाळ महिन्याला साधारण 1.5 ते 2 सेंटीमीटर वाढते. वीतभर व्हायला वर्ष जातं. मधल्या काळात नवे केस उभे, जुने लोंबते. मालक वैतागून कात्री आडवी चालवतो आणि मान फळीनं आखल्यासारखी दिसते. आम्ही कात्री उभी धरतो, टोकं थोडी थोडी खालून वर छाटतो. गुंता आधी बोटांनी, टोकाकडून मुळाकडे. उभे केस ओले करून सैल वेण्या घालतो, म्हणजे ते एका अंगाला पडायला शिकतात. घट्ट वेणी घातली की घोडा ती घासून तोडणारच. सरसकट भादरून टाकणं पोलोच्या घोड्यांना शोभतं, वरातीच्या घोडीला नाही.

लग्नसराई थांबत नाही, म्हणून घरच्या बायकांनी रेशमी गोंड्यांची पट्टी काढली. मानेवर बांधली की विरळ जागा झाकली जाते. यात्रेतल्या विक्रीच्या घोड्याला मात्र ती देत नाही. घेणारा आयाळ उचलून भोवरे, म्हणजे शुभ-अशुभ मानले जाणारे केसांचे वळसे, बघतोच, आणि मग भांडण आमच्या पालापाशी येतं. भाड्याच्या पट्ट्या दर वरातीनंतर गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकतो; चट्टेवाल्या घोड्याला पट्टी भाड्यानं मिळत नाही, विकतच घ्यावी लागते.