'इथे निर्णय कोणाचा?'

चोवीस वर्षं सुरक्षा सेवेत काढून बाहेर पडले, तेव्हा माझा बायोडेटा सहा पानांचा होता. बदल्या, पदकं, हाताखालची माणसं, सगळं तारीखवार. आठ महिने अर्ज केले, पण वरच्या पदासाठी एकदाही मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. शेवटी तो घेऊन माझ्या जुन्या सरांकडे गेले. त्यांनी पेन्सिलीने ओळीओळीसमोर एकच प्रश्न लिहिला: 'इथे निर्णय कोणाचा?'

आमच्या क्षेत्रातली खरी पंचाईत इथेच आहे. निम्मं काम गोपनीय, आणि उरलेल्याचं यश म्हणजे काहीच न घडणं. ते कागदावर उतरवायचं कसं? एका ओळीवर आम्ही अख्खी दुपार घालवली. आधी होतं, 'महत्त्वाच्या केंद्राच्या सुरक्षेची जबाबदारी सांभाळली.' नंतर झालं, 'तीनशे जणांच्या पाळ्या नव्याने बांधल्या. वरिष्ठांचा विरोध असताना निर्णय माझ्या सहीने झाला. वर्षभरात तीच पद्धत इतर केंद्रांनी घेतली.' जागेचं नाव नाही, यंत्रणेचा तपशील नाही. तरीही पाठवण्याआधी मी ती ओळ जुन्या कार्यालयाकडून तपासून घेतली. तुम्हीही घ्या. गोपनीयतेची शपथ नोकरीबरोबर संपत नाही.

सरकारी पदांचं तंत्र वेगळं. छाननी करणारा तुमच्या कर्तृत्वाचा अंदाज बांधत बसत नाही; जाहिरातीतली एकेक अट घेऊन तो तुमच्या अर्जात तिचं उत्तर शोधतो. म्हणून अट ज्या शब्दांत, उत्तरही त्याच शब्दांत, पुराव्यासह द्या. पार्श्वभूमीची पडताळणी महिनोन्‌महिने चालू शकते, तोवर हातातली नोकरी सोडू नका. आणि तुम्ही सरकारातून बाहेर पडत असाल, तर खासगी नोकरी धरण्यापूर्वीच्या सक्तीच्या थांब्याचे नियम आधी वाचा.

सायबर सुरक्षेकडे वळणाऱ्यांसाठी एवढंच, की सीआयएसएसपी या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही. आठपैकी किमान दोन विषयांतला साधारण पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

मुलाखतीबद्दल मात्र मला पोटतिडकीने सांगायचंय. सिटीकॉर्प या अमेरिकी बँकसमूहाने १९९५मध्ये स्टीव्ह कॅट्झ यांना नेमलं. माहिती सुरक्षेचे पहिले प्रमुख अधिकारी म्हणून त्यांचं नाव घेतात. म्हणजे हे पदच तसं नवं आहे, आणि बऱ्याच संस्थांना आपल्याला नेमकं काय हवंय हे अजून ठरवता आलेलं नाही. एके ठिकाणी मी विचारलं, "संचालक मंडळासमोर धोका मी स्वतः मांडणार, की माझा अहवाल दुसरं कोणी वाचून दाखवणार?" उत्तर आलं, "ते प्रशासन विभाग बघेल." पगार चांगला होता, तरी मी नकार कळवला. सुरक्षेचा खर्च कापायचा अधिकार ज्याच्याकडे, धोक्याची बातमीही त्याच्याच हातून वर जाणार असेल, तर ती पोचेल याचा मला भरवसा नव्हता.

पाच महिन्यांनी दुसरीकडे तोच प्रश्न विचारला. समोरच्या बाईंनी वही उघडली आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीची तारीख सांगितली.