बँकेला आधी कळलं

मंगळवार, रात्री

झोप येईना म्हणून लिहायला बसले. दुपारपासून डोक्यात एकच आकडा आहे, 495 रुपये 60 पैसे. खात्यात शिल्लक कमी पडली म्हणून बँकेने कापलेला दंड.

हिशेब बरोबर आहे. खात्यावर महिन्याची सरासरी शिल्लक 3,000. हवी होती 10,000. कमी पडले 7,000, त्याचे सहा टक्के 420. वर 18 टक्के जीएसटी, 75 रुपये 60 पैसे. इतकी वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात गेली, त्यामुळे मेसेज वाचता वाचताच बेरीज करून झाली होती. पैशाचा घोळ असता तर भांडून मोकळी झाले असते. घोळ नाही.

मग एवढं झोंबलं काय?

हे खातं मी होऊन काढलेलंच नव्हतं. कंपनीने पगार त्या बँकेतून करायचं ठरवलं आणि एका शनिवारी बँकेची माणसं बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या गेटच्या आतच टेबल मांडून बसली. फौंड्रीतल्या पोरांपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांचे फॉर्म त्यांनीच भरले, फक्त सह्या आमच्या. जाताना प्रत्येकाला एक निळं पेन. "झिरो बॅलन्स आहे मॅडम, काहीच ठेवायला नको," असं तो टाय लावलेला मुलगा मला तीनदा म्हणाला. खरंच काही ठेवावं लागलं नाही. जोवर पगार येत होता तोवर.

तीन महिने पगार जमा झाला नाही की त्यांच्याकडे खातं आपोआप साधं बचत खातं होतं. तसा मेसेजही आला होता. फोन चिनूच्या हातात होता, आणि तो मोठ्याने वाचणारच. "आत्या, तुझं सॅलरी अकाउंट आता सॅलरी अकाउंट नाही म्हणतंय." आई पाटावर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "या महिन्याचा पगार झाला काय गं?" मी हो म्हटलं की नाही, आता आठवत नाही. काहीतरी बोलून आत गेले.

दादाला अजून माहीत नाही. सांगितलं तर पुढच्या गाडीने पुण्याला ये म्हणेल, आणि वहिनी... जाऊ दे. आईला वाटतंय कंपनीने घरून काम दिलंय. समोरच्या काकूंना काय वाटतं ते त्यांचं त्यांना माहीत. अख्ख्या जगात माझा पगार थांबल्याचं बरोबर तारखेसह कुणाला कळलं असेल तर या बँकेला. कुणी विचारपूस केली नाही, तिने दखल घेतली. दखल म्हणजे दंड.

आणि एवढं ज्यांना कळतं, त्यांनी शिल्लक कमी पडल्याची नोटीस पाठवली कुठे? माझ्या ऑफिसच्या मेलवर. जो मेल कंपनीने मी गेट ओलांडायच्या आत बंद केला. पगार थांबला हे कळलं, पण पगार थांबलेल्या बाईचा ऑफिसचा मेल चालू असतो काय, हे कळलं नाही.

हेच मी काउंटरवर विचारलं. मुलगी अनगोळची, बोलण्यावरून साधी वाटली. वॉचमनशी कन्नडमध्ये, फोनवर हिंदीत आणि माझ्याशी मराठीत, तिन्ही भाषांत तितक्याच थकलेल्या आवाजात. "मॅडम, रजिस्टर्ड मेलवर गेलंय बघा. सिस्टिममधनंच जातंय. आमच्या हातात काय नाही की हो." मी म्हटलं, मग कुणाच्या हातात आहे? तिने काचेच्या केबिनकडे बघितलं. केबिनमधला माणूस कुणाला तरी विमा समजावून सांगत होता. ती परत माझ्याकडे वळली, म्हणाली, "वरनं येतंय."

वरनं म्हणजे मुंबईहून असेल. तिच्यावर चिडून काय उपयोग? तिच्या टेबलावर डबा होता, झाकण अर्धं उघडं, वाजले होते सव्वातीन.

मी विचारलं, ते बेसिक खातं असतं, किमान शिलकीची अट नसलेलं, त्यात बदलून द्या. तर कसनुसं हसून म्हणाली, "ते तुमच्यासाठी नाही मॅडम. ते गरीब लोकांचं असतंय." माझा मान राखायलाच म्हणाली बिचारी. घरी येऊन रिझर्व्ह बँकेचं वाचलं. 2012 पासून ते खातं कुणालाही मागता येतं, गरीब असल्याचा दाखला लागत नाही. महिन्यातून निदान चारदा पैसे फुकट काढता येतात, त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, बस. पण तिथे उभी असताना मला ते बोलता आलं नाही. तिच्या डोळ्यांत मी अजून उद्यमबागेतली ऑफिसवाली मॅडम होते, आणि ते मोडावंसं वाटलं नाही. 495 रुपयांत तेवढं तरी मिळालं म्हणायचं.

मग आणखी वाचत बसले. 2014 च्या नोव्हेंबरातलं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, 1 एप्रिल 2015 पासून लागू. दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवायचं, महिनाभराची मुदत द्यायची, दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात घ्यायचा, आणि निव्वळ दंडापायी खातं उणेत जाऊ द्यायचं नाही. म्हणजे माझ्या बाबतीत सगळं नियमानेच झालं. एसएमएस, मेल किंवा पत्र, काहीही चालतं, मेल गेला. तो उघडायला माणूस आहे काय, हे नियमात नाही.

स्टेट बँकेने हा दंड 2020 मध्येच काढून टाकला. 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढला. त्याआधी 2024 च्या जुलैत लोकसभेत सांगितलं गेलं होतं की सरकारी बँकांनी पाच वर्षांत या एका कारणापायी साडेआठ हजार कोटींच्या आसपास गोळा केले. त्यात माझे नाहीत, माझी बँक खाजगी. तिथे किती शिल्लक ठेवायची ते बँकेनेच ठरवायचं, असं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर 2025 च्या ऑगस्टमध्ये बोलून मोकळे झाले. आईचं खातं ग्रामीण बँकेत आहे. आधी ती विकास ग्रामीण होती, 2025 च्या 1 मेपासून कर्नाटक ग्रामीण झाली. पासबुकावरचं नाव बदललं, आईच्या तोंडातलं बदललं नाही. तिचे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 तिथे येतात आणि येतील तेवढेच्या तेवढे निघतात. परवा म्हणाली, "लागले तर घे गं माझ्यातले." तिला काय माहीत आहे आणि काय नाही, देव जाणे.

आज एकदाच हसू आलं, तेही त्या बँकेतच. माझ्या पुढे एक आजोबा होते, कडोलीकडचे, गांधी टोपी, प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक. जमिनीच्या पैशासाठी मुलाने हे खातं काढून दिलेलं, पैसे केव्हाच संपले, खातं राहिलं. ते तावातावाने सांगत होते, "अगं बाई, मी तीस तारखेला भरलोय की धा हजार! पावती हाय बघ!" मुलगी म्हणत होती, आजोबा, ॲव्हरेज असतंय. हे चाललं चांगला वेळ. शेवटी मला राहवलं नाही. त्यांच्याच स्लिपच्या मागे त्या निळ्या पेनाने लिहून दाखवलं. एकोणतीस दिवस शून्य, एक दिवस 10,000. तिसाने भागलं की 333. बँक रोज रात्रीची शिल्लक धरते आजोबा, शेवटच्या दिवसाची नव्हे.

त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाले, "म्हंजे माझे धा हजार हितं आल्यावर तीनशे तेहतीस झाले?"

मुलगीही हसली. वॉचमनसुद्धा. केबिनमधल्या माणसाने काचेतून बघितलं. आजोबा मात्र हसले नाहीत, त्यांनी सगळे दहा हजार तिथल्या तिथे काढायला लावले, दोनदा मोजले आणि टोपी सारखी करून गेले. त्यांचा दंड कापून घ्यायला आता खात्यात काही नाही. मला हे सुचायला हवं होतं, पण माझं तसं नाही. पीएफचा अर्ज भरलाय आणि त्यात हेच खातं आहे. ते पैसे येईपर्यंत हे खातं बंद करता येत नाही, आणि तोवर सरासरी काही 10,000 होत नाही. म्हणजे पुढच्या महिन्यातही कापणार. रक्कमही तयार आहे माझ्याकडे. आजच्या कापणीने शिल्लक घटली, म्हणजे दंड थोडा वाढेल. 500 च्या वर मूळ दंड जाणार नाही असं त्यांच्या फलकावर लिहिलंय, तेवढीच त्यांची माया.

तक्रार लेखी देऊन आले आहे. पोच घेतली, शिक्क्यासह. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाइन, फुकट. जाईन. घरून काम चालू आहेच माझं.

आणि पीएफ जमा होईल त्या दिवशी काय होणार तेही मला माहीत आहे. कंपनीत असताना रिटायर झालेल्या प्रत्येकाचं हेच ऐकलंय. संध्याकाळच्या आत केबिनमधल्या त्या साहेबांचा फोन येईल. मॅडम, तुमच्यासारख्या खास ग्राहकांसाठी एक योजना आहे, एफडी आहे, विमा आहे, घरी येऊन समजावतो, चहाही नको. मी या म्हणणार आहे. चहा करीन, वर कुंदाही ठेवीन. त्यांनी फॉर्म काढला की म्हणेन, आधीचे 495 रुपये 60 पैसे घेऊन आलात काय? सुटे नसले तर 496 चालतील.

आणि नवा मेल लिहून घ्या म्हणेन. चिनूने काढून दिलाय.