दोन ठिपके, एक आकडा

पुण्याच्या आकाशात आता काही दिसत नाही, असं म्हणायची पद्धत आहे आणि ती बरीचशी खरीही आहे. देवयानी दीर्घिका शोधायची तर ती कुठे असायला हवी हे आधी आठवावं लागतं आणि मग तिथे काहीतरी धुरकट आहे अशी स्वतःची समजूत घालावी लागते. जोडतारे, म्हणजे अगदी शेजारी शेजारी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या, मात्र या रडगाण्यात सामील नाहीत. रस्त्यावरचे एलईडी, समोरच्या मंगल कार्यालयाची रोषणाई, कुणाच्या तरी गॅलरीतला हॅलोजन, कशाचंच त्यांना सोयरसुतक नाही. मागचं आभाळ काळ्याचं करडं होतं, ठिपके जागच्या जागी. तेव्हा कोथरूडच्या सोसायटीत राहून ज्याला दुर्बीण वापरायची आहे, त्याने गुमान जोडतारे धरावेत.

नुसते बघायचे असतील तर एकदोन मोसमांत मन भरतं. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ, एक सोनेरी आणि एक निळसर. सप्तर्षींतला वसिष्ठ: त्याच्या शेजारची अरुंधती लग्नात दाखवतात (भर दुपारी, गुरुजींच्या बोटाच्या दिशेने सगळे भक्तिभावाने हॉलच्या पंख्याकडे बघतात), पण दुर्बिणीतून पाहिलं की खुद्द वसिष्ठच दोन निघतो, चौदा-साडेचौदा विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) अंतरावर. पाहुण्यांना दाखवायला हे उत्तम. चटक लागते ती मोजायला लागल्यावर.

मोजायच्या गोष्टी दोनच. दोन ताऱ्यांमधलं अंतर, आणि धाकटा थोरल्याच्या कुठल्या अंगाला आहे तो कोन, उत्तरेकडून पूर्वेकडे मोजत जायचा. अंतर विकलांत येतं. एक विकला म्हणजे चार किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढी. असल्या मापासाठी फूटपट्टी कुठून आणायची? ती आकाशच देतं. माझ्या सहा इंची दुर्बिणीच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, एक कोरलेली पट्टी आहे. श्यामशबल तारकासमूहातला कॉर कॅरोली हा जोडतारा पट्टीच्या टोकाशी आणायचा, दुर्बीण फिरवणारी मोटर बंद करायची आणि मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू. पृथ्वी फिरते, तारा सरकायला लागतो. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला १५ विकला चालतो, उत्तरेकडचा त्याहून सावकाश, किती सावकाश ते गणित करून कळतं. हा पट्टी ओलांडायला पाऊण मिनिटाच्या वर घेतो. त्यावरून पट्टीचं एक घर नऊ विकलांच्या जवळपास येतं आणि त्याची जोडी मावते दोन घरांहून किंचित जास्त जागेत. त्या ‘किंचित’साठी सगळा खटाटोप. डोळा मिटून उघडायचा, पुन्हा अंदाज घ्यायचा, पतंगाचा लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात वहीत आकडा टाकायचा, मागचा आकडा मुद्दाम झाकून. तो दिसला की डोळा लबाडी करतो, हे सगळ्या मोजणाऱ्यांना माहीत असतं.

कोनासाठी पुन्हा तेच: मोटर बंद केली की तारा ज्या बाजूला जातो ती पश्चिम. मात्र वाटेत एखादा आरसा असला की चित्र आरशातल्यासारखं उलटतं आणि कोन उलट्या अंगाने मोजावा लागतो. त्यातून हवा. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो आणि आयपीसमधले ठिपके उकळत असतात. अगदी जवळच्या जोड्यांना म्हणूनच हल्ली कॅमेरा लावतात, शेकडो फ्रेम घेऊन स्थिर हवेतल्या तेवढ्या ठेवतात. तेही करतो मी, पण त्यात गंमत कमी आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे काका शतपावलीला गच्चीवर येतात. त्यांना शनी हवा असतो. एकदा शनी नव्हता म्हणून जोडतारा दाखवला.

“दोन दिसतायत,” ते म्हणाले.

“हो, दोनच आहेत.”

“काल?”

“कालही दोनच होते.”

“मग आज परत कशाला बघतोस?”

प्रश्न रास्त आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनेही १७७९ मध्ये जोडतारे पद्धतशीर टिपायला घेतले ते वेगळ्याच कारणासाठी. दोघांपैकी एक जवळचा आणि एक लांबचा असेल, तर जवळचा वर्षभरात जरासा हललेला दिसेल आणि त्यावरून ताऱ्याचं अंतर काढता येईल, असा त्याचा हिशेब होता. तो काही जमला नाही. पण वीसेक वर्षांनी जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की मिथुनेतल्या कॅस्टरचे दोघे एकमेकांभोवती फिरताहेत. त्यांची एक फेरी साडेचारशे वर्षांच्या आसपासची आहे. ती पुरी झालेली पाहिलेला माणूस अजून जन्मायचा आहे.

अशा कक्षा जोडून काढायला पिढ्यांचे आकडे लागतात, आणि त्यातले काही पुण्यातले आहेत. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा थाटली आणि डॉलंडच्या पाच फुटी दुर्बिणीने जोडतारे मोजत बसला. पाच फूट ही नळीची लांबी, भिंग बेताचंच. १८४५ ते १८४८ मधल्या वेधांच्या त्याच्या यादीत २४४ जोडतारे आहेत. विजेचा दिवा नसलेलं पुणं त्याला मिळालं, याचा मला उघड हेवा वाटतो. पुढे तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला, आजारपणाने विलायतेला गेला, आणि १८६२ मध्ये पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायला नऊ इंची दुर्बीण घेऊन परत आला. ऑगस्टमध्ये मुंबईला उतरला आणि पुण्याला पोचल्यावर काही दिवसांतच वारला. वय ४८.

अनुराधा नक्षत्राच्या लगत वृश्चिकातला न्यू (हे नाव ग्रीक अक्षरावरून) हा तारा आहे. साध्या दुर्बिणीत दोन दिसतो. १८४७ मध्ये जेकबने तो तिहेरी असल्याचं टिपलं. नंतर शिकागोच्या बर्नहॅमने राहिलेला ठिपकाही फोडला. हा बर्नहॅम दिवसा कोर्टात लघुलेखक आणि रात्री घरामागच्या अंगणात सहा इंची दुर्बिणीशी. आयुष्यभरात त्याने तेराशेवर नवे जोडतारे शोधले.

आता गाया उपग्रहाने विकलेच्या हजाराव्या भागाहून बारीक मोजणी केलेली असताना माझ्या अर्ध्या विकलेच्या चुकीचे आकडे कुणाला हवेत? फार कुणाला नाही, हे कबूल. पण अतिप्रखर ताऱ्यांवर गायाचे डोळे दिपायचे, आणि त्याने मोजलं ते २०१४ पासून पुढचं. १८४७ सालचा आकडा त्याला आणता येणार नाही. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेच्या सूचीत दीड लाखाहून जास्त जोड्या आहेत, कित्येकींकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही, आणि हौशींची मोजणी ते तपासून घेतात.

मे महिन्यात न्यू मध्यरात्री पाण्याच्या टाकीवर येतो. जेकबची अडीच विकलांची जोडी सुटते. बर्नहॅमची सव्वा विकलेची आहे, तिला हवा अगदी निवांत हवी. काकांना सांगून ठेवलंय, या वेळी दोन नाहीत, चार आहेत.

“आणि शनी?”

“तो पहाटे, काका.”