हळुवार हालचालीची इंग्रजी क्रियापदं: वहीचा दुसरा टप्पा

पहिल्या टप्प्यात वहीतल्या इंग्रजी परिच्छेदांतले 'स्लोली' आणि 'जेंटली' खोडून झाले. आता त्या जागी नेमकी क्रियापदं बसवणं चालू आहे. नुसता वेग पाहून निवड केली की हमखास चुकतं. वस्तू कशाला टेकलेली किंवा बांधलेली आहे, आणि तिला हलवतंय कोण, हे आधी पाहायचं.

'स्वे'ला, म्हणजे डोलण्याला, एक टोक पक्कं लागतं: माड, टांगलेला कंदील, उभा माणूस. देठापासून सुटलेलं पान 'ड्रिफ्ट' होतं, नाहीतर 'फ्लटर'. 'ड्रिफ्ट'मध्ये वस्तू पूर्णपणे वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या स्वाधीन असते. 'फ्लटर' मात्र संथ नाहीच, ती हलकी पण भरभर फडफड. म्हणून 'फ्लटर्ड स्लोली' वाचताना अडखळायला होतं. 'वॉफ्ट' वास, धूर, सूर अशा हवेवर येणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवावं.

वाऱ्याच्या प्रसंगाला वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट श्रेणीइतका चांगला आधार दुसरा नाही. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने ती समुद्रासाठी केली, जमिनीवरच्या खुणा हवामानतज्ज्ञ जॉर्ज सिम्पसनने १९०६ मध्ये दिल्या. श्रेणी १, म्हणजे ताशी १ ते ५ किमी: धूर ड्रिफ्ट होतो, वातकुक्कुट ढिम्म. श्रेणी २, ६ ते ११ किमी: वारा चेहऱ्याला जाणवतो, पानं 'रसल' होतात, म्हणजे सळसळतात. पानांनी भरलेली लहान झाडं 'स्वे' व्हायला लागतात ती थेट श्रेणी ५ ला, २९ ते ३८ किमीला! तेव्हा एकाच वाक्यात धुराची संथ रेघ आणि डोलणारी झाडं आली, तर दोन वेगळे वारे एकत्र झाले समजा. यातलं एक काढायचं.

आता दुरुस्तीला घेतलेलं एक वाक्य: 'द बोट वॉज मूव्हिंग स्लोली स्लोली ऑन द वॉटर.' आपलं 'हळूहळू' इथे जसंच्या तसं उतरलंय, आणि इंग्रजीत ते खटकतं. 'ऑन द वॉटर'ही वाया गेलंय, होडी पाण्यावरच असणार. वल्ही आत घेतलेली असतील तर 'द बोट ड्रिफ्टेड पास्ट द जेट्टी'. वल्ही चालू असतील तर 'ग्लाइडेड', कारण तिथे कुणीतरी होडी नेतंय आणि तरी ती विनासायास सरकतेय. धक्क्याला बांधलेली असेल तर दोन्ही बाद: वरखाली होत असेल तर 'बॉब्ड', या कुशीवरून त्या कुशीवर होत असेल तर 'रॉक्ड'. 'पास्ट', 'अक्रॉस', 'डाउन' यांपैकी एक जोडलं की दिशा मिळते आणि वाक्य हलायला लागतं. 'ऑफ' जोडताना मात्र जपून, माणसाबद्दल 'ड्रिफ्टेड ऑफ' म्हटलं की त्याला झोप लागली असाच अर्थ बहुधा घेतला जातो.

पाण्याची क्रियापदं अजून बाकी आहेत. 'रिपल' पृष्ठभागावरच्या तरंगांना आणि 'लॅप' काठाला लागणाऱ्या पाण्याला, एवढी विभागणी झाली आहे. 'लॅप'पुढे, बहुधा 'अगेन्स्ट' किंवा 'ॲट' घेऊन, काठ, पायरी, होडीची कड असं काहीतरी द्यावं. ते नसेल तर पाणी कशाला लागतंय तेच कळत नाही.