ट्रॉम्सो ते लाँगइयरबीन: सरळ वर, उत्तरेला

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरबीनला जायचं ठरलं तेव्हा अंतर किती हे मी वेबसाइटवर न बघता कागदावर काढलं. ट्रॉम्सो 69.7 अक्षांशावर, लाँगइयरबीन 78.25 वर. रेखांशात फरक जेमतेम साडेतीन अंशांचा, म्हणजे विमान जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जाणार. एका अक्षांशाला 111 किमी धरले की 950 येतात आणि थोड्या तिरकेपणाचे मिळवून सुमारे 960. मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच!

हवेतला वेळ पावणेदोन तासांच्या आत. पण त्यावर विसंबून बेत आखू नका. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या गटात, मोडत नाही. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे येणाऱ्यांनाही ट्रॉम्सोत सामानासकट खाली उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. आपल्याला तर दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसाच हवा, नाहीतर परत येताना नॉर्वेच्या दारातच अडकाल. हे आधी वाचलेलं होतं म्हणून बरं.

मध्ये फक्त बॅरंट्स समुद्र. वाटेत बेअर आयलंड लागतं म्हणे, आम्हाला ढगच दिसले. मग एकदम ढग फाटले आणि खाली टोकदार डोंगर, त्यांच्यामधून उतरणाऱ्या हिमनद्या. शेजारच्या काकूंनी माझ्या अंगावरून वाकून फोटो काढले. काढू दिले, खिडकी माझी असली तरी दृश्य काही माझ्या मालकीचं नव्हतं.

उतरल्यावर चालतच टर्मिनलला जायचं. सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल उभं असतं. हा विमानतळ 1975 चा. त्याआधी हिवाळ्यात समुद्र गोठला की जहाजं बंद, आणि विमान उतरवायचं तर गोठलेल्या दरीत. धावपट्टी बारमाही गोठलेल्या जमिनीवर आहे. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात फुगतो, त्यामुळे डांबर वरखाली होतं आणि डागडुजी संपत नाही. वर डोंगरात जगभरच्या बियाण्यांची तिजोरी, तिचं काँक्रीटचं दार इथूनच दिसतं.

जून असल्यामुळे रात्र नाहीच. रात्री अकराला हॉटेलात पडदे ओढून झोपलो.

पुढचा टप्पा न्यू-ओलेसुंद, सुमारे 110 किमी. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता नाही. तिथे भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र 2008 पासून आहे, आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून. शास्त्रज्ञ डॉर्निअर 228 या छोट्या विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचतात (हे विमान आपल्याकडे कानपूरलाही बनतं). त्या विमानातली सीट पर्यटकांसाठी नसते, म्हणून आम्ही बोटीचं तिकीट काढलं. गाव जवळ आलं की मोबाइल, वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करायला लावतात, कारण तिथल्या अँटेना अंतराळातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपत असतात.