आजोबांच्या कैदेच्या गोष्टी पडताळताना

आजोबा दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे कैदी होते आणि त्या गोष्टी सांगतात, तर एखादी तारीख चुकली म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, क्रम बघा. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं आणि १७ तारखेला ब्रिटिशांच्या फौजेतल्या हिंदी (भारतीय) सैनिकांना तिथल्या फॅरर पार्क मैदानावर जपान्यांच्या ताब्यात दिलं. तिथलं जपानी अधिकाऱ्याचं भाषण जपानीतून इंग्रजीत, मग हिंदुस्तानीत होत गेलं. असा तपशील आपणहून आला तर मोलाचा. तुम्ही सुचवू नका, सुचवलेलं नंतर आठवण होऊन बसतं.

‘सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर होतो’ म्हणाले तर जपून. सयाम म्हणजे आजचं थायलंड, आणि ही रेल्वे जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतली. तिथले युद्धकैदी मुख्यतः ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. बऱ्याच हिंदी कैद्यांना बोटींतून पॅसिफिकमधल्या न्यू गिनी, न्यू ब्रिटन बेटांवर नेलं होतं.

मेलेल्या सोबत्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) यादीत शोधा. नावांची स्पेलिंगं फार फिरतात, म्हणून सैनिक क्रमांक हाताशी ठेवा.